होमर कुणाचा?

इ.स. ३५४ च्या अखेरीस एक तरुण राजपुत्र पहाटे उठून त्रोआस गावातून निघाला आणि बाजार भरायच्या वेळेला इलिऑनला, म्हणजे ग्रीक महाकवी होमरच्या ट्रॉयला पोहोचला. त्याचं नाव ज्युलियन. त्याचा चुलतभाऊ कॉन्स्टॅन्शियस रोमचा सम्राट होता आणि त्याने दरबारी बोलावणं धाडलं होतं. अशा बोलावण्यावर गेलेला माणूस परत येईलच असं नसे. सावत्र भाऊ गॅलस याच सुमारास जिवाला मुकला होता. ज्युलियन वरकरणी ख्रिस्ती होता, पण मनाने तीनेक वर्षांपूर्वीच जुन्या ग्रीक देवांकडे वळला होता. हे कुणाला कळून चालणार नव्हतं. म्हणून तो 'गाव बघायला' आला होता.

गाव दाखवायला पुढे आला तो तिथला बिशप, पेगासियस. त्याने पाहुण्याला आधी होमरच्या काव्यातला ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या देवळीपाशी नेलं. आत ब्राँझची मूर्ती होती, तेल लावून लखलखीत केलेली. वेदीवर निखारे अजून धगधगत होते. ज्युलियनने खडा टाकून पाहिला: इथले लोक अजून नैवेद्य-बळी करतात की काय? बिशपने शांतपणे सांगितलं, आपण आपल्या हुतात्म्यांना पुजतो, तसं हे लोक आपल्या गावच्या शूर माणसाला पुजतात, त्यात नवल ते काय? मग त्याने अथेनाचं देऊळ उघडून दाखवलं. सगळ्या मूर्ती जागच्या जागी, शाबूत. देवळात शिरताना कट्टर ख्रिस्ती लोक कपाळावर क्रूसाची खूण करत, दातांतून फुत्कार सोडत. पेगासियसने यातलं काहीच केलं नाही.

हा प्रसंग ज्युलियननेच पुढे सम्राट झाल्यावर एका पत्रात लिहून ठेवला. मला वाटतं, जुने देव परत आणण्याच्या त्याच्या साऱ्या खटाटोपाबद्दल जे म्हणायचं ते या बिशपापासूनच सुरू करावं. जुना धर्म चौथ्या शतकाच्या मध्याला कसा जगत होता, तर असा: एका बिशपाच्या आश्रयाने, कुणी फार प्रश्न न विचारता.

ज्युलियनला आज चाहते बरेच आहेत. पाश्चात्त्य देशांत जुने देव पुन्हा पुजू पाहणारे छोटे गट आहेत, त्यांना तो आपला वाटतो. आपल्याकडेही इतिहासाची आवड असणाऱ्या मंडळींत एक मत ऐकू येतं: एका सम्राटाने ख्रिस्ती धर्माचं संकट वेळीच ओळखलं होतं, पण दैवाने दगा दिला; तो वीस वर्षं जगला असता तर युरोपचा नकाशाच वेगळा दिसला असता. या म्हणण्यात त्याच्या हिमतीबद्दलचा आदर आहे आणि तो मलाही आहे. पण ज्युलियन पर्शियाच्या मोहिमेत लागलेल्या भाल्याने हरला हे मला पटत नाही. तो त्याच्या वर्षभर आधीच हरला होता, आणि हरवणारा तो स्वतःच होता.

आधी त्याची बाजू. जेमतेम वीस वर्षांच्या या माणसाने धर्म बदलला तो लहरीपोटी नाही. ३३७ मध्ये काका कॉन्स्टंटाइन वारल्यावर राजधानीत राजघराण्याच्या पुरुषांची कत्तल झाली. त्यात ज्युलियनचे वडील गेले. तो आणि गॅलस तेवढे वाचले, एक लहान म्हणून, दुसरा आजारी म्हणून. या कत्तलीचा ठपका ज्युलियनने कायम कॉन्स्टॅन्शियसवर ठेवला. हा सम्राट ख्रिस्ती होता, त्याच्या भोवती बिशपांचा राबता होता, आणि तोच आता अनाथ पोरांच्या धार्मिक शिक्षणाची काळजी वाहत होता! कॅपाडोशियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, एका आडबाजूच्या राजवाड्यात या भावांची सहा वर्षं नजरकैदेत गेली. अशा घरातून बाहेर पडलेल्या मुलाने घरच्या देव्हाऱ्याकडे पाठ फिरवली तर त्यात अचंबा वाटण्यासारखं काही नाही.

पण मग त्याला दुसरे देव भेटले कुठे? त्याच घरात. लहानपणी मार्डोनियस नावाचा वृद्ध षंढ शिक्षक त्याला नेमून दिलेला होता. पोराने शर्यती बघायचा हट्ट धरला की मार्डोनियस सांगे, होमर उघड, त्यात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीची रथांची शर्यत आहे, ती बघ. झाडं बघायची आहेत तर होमरमधली बघ, खऱ्या झाडांपेक्षा सुंदर आहेत. कॅपाडोशियाच्या एकांतवासात तत्त्वज्ञानाची पुस्तकं मिळाली ती जॉर्ज नावाच्या ख्रिस्ती पंडिताच्या संग्रहातून. हा जॉर्ज पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि ३६१ च्या डिसेंबरात तिथल्या जमावाने त्याला ठेचून मारलं. नव्या सम्राटाने, म्हणजे ज्युलियननेच, शहराला पत्र लिहून कानउघाडणी केली, शिक्षा कुणालाच केली नाही. मात्र जॉर्जची सगळी पुस्तकं शोधून आपल्याकडे पाठवा असं बजावून सांगितलं. ज्युलियन अथेन्सला शिकायला गेला तेव्हा तिथे बेसिल आणि नाझियान्झसचा ग्रेगरी हेही होते. हे दोघे पुढे चर्चचे मोठे आचार्य झाले. तीच पुस्तकं, तेच शहर.

३६१ च्या ११ डिसेंबरला तो सम्राट म्हणून कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिरला. तोवर गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, त्याने लढाया जिंकल्या होत्या, सैन्याने पॅरिसमध्ये त्याला ढालीवर उचलून सम्राट म्हटलं होतं, आणि यादवी युद्ध पेटण्याआधीच कॉन्स्टॅन्शियस आजाराने मेला होता. सुरुवात झोकात झाली. केस कापायला माणूस बोलावला तर उंची पोशाखातला एक इसम हजर झाला. ज्युलियन म्हणाला, मी न्हावी बोलावला होता, खजिनदार नाही. दरबारातले असले पोसलेले लोक त्याने घरी पाठवले. देवळं उघडली, जमिनी परत दिल्या, हद्दपार झालेल्या सगळ्या पंथांच्या बिशपांना माघारी येऊ दिलं. या औदार्यात मेख होती. अम्मियानस मार्सेलिनस हा त्याच्याच पदरचा सैनिक आणि इतिहासकार लिहितो की ख्रिस्ती लोक एकमेकांशी जितक्या त्वेषाने भांडतात तितकी रानटी जनावरंही माणसांवर तुटून पडत नाहीत, हे सम्राटाला अनुभवाने ठाऊक होतं.

नवा धर्म मानणाऱ्यांना मारू नका, छळू नका, पण जुने देव मानणाऱ्यांना झुकतं माप द्या, हे त्याचं धोरण. हुतात्मे निर्माण होऊ द्यायचे नाहीत एवढं त्याला नीट कळलं होतं. हुतात्म्याचा मानसुद्धा तो आम्हाला मिळू देत नाही, अशी ग्रेगरीची तक्रारच होती. पण झुकतं माप राजधानीतून निघालं की खाली पोहोचेपर्यंत त्याचं काय होतं ते बघा. सीरियातल्या अरेथुसा गावच्या मार्क नावाच्या म्हाताऱ्या बिशपाने आधीच्या राजवटीत देऊळ पाडलं होतं. आता ते बांधून दे किंवा पैसे भर, असा हुकूम आला. त्याने दमडीही द्यायला नकार दिला आणि जमावाने त्याचे हालहाल केले. लिबेनियस हा ज्युलियनचा मित्र, जुन्या देवांचा भक्त. त्याने एका अधिकाऱ्याला पत्रातून सावध केलं की आणखी एक मार्क घडवू नका. ज्युलियनने जमावाला असं करायला सांगितलं नव्हतं, हे खरं. न सांगताही कळतं, हेही खरं.

इथे शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं. आपण ज्याला 'पेगन धर्म' म्हणतो त्याला त्याच्या भक्तांनी हे नाव कधीच दिलं नव्हतं. लॅटिनमध्ये पॅगानुस म्हणजे खेडवळ. चर्चच्या लोकांनी तो शब्द टोमण्यासारखा वापरला. या भक्तांना आपल्या धर्माला नाव ठेवायची गरजच पडली नव्हती. प्रत्येक शहराचा आपला देव, त्याचा आपला उत्सव, खर्च गावच्या श्रीमंतांकडे, मान ठरलेल्या घराण्यांकडे. तुमचा यावर विश्वास आहे का, असं कुणी कुणाला विचारत नसे. आपल्या गावच्या जत्रेत पालखीला खांदा देणाऱ्याला कुणी तत्त्वज्ञान विचारतं का? ज्युलियनने या पसाऱ्याला 'हेलेनिझम', म्हणजे ग्रीकपणा, असं एक नाव दिलं. समोरच्यांना तो 'गॅलिलियन' म्हणू लागला, म्हणजे कुठल्याशा कोपऱ्यातल्या प्रांताचे. नाव मिळालं की कोण आत, कोण बाहेर हेही ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला अधिकारी लागतात. त्याने प्रांतोप्रांती मुख्य पुजारी नेमले. पुजाऱ्यांनी नाटकाला जायचं नाही, दारूच्या गुत्त्यात बसायचं नाही, हलका धंदा करायचा नाही. ही आचारसंहिता वाचली की बिशपाचं पत्र चुकून दुसऱ्या पाकिटात पडलंय असं वाटतं.

आजच्या तुर्कस्तानातल्या गलेशिया प्रांताचा मुख्य पुजारी आर्सेशियस याला लिहिलेलं त्याचं पत्र तर मला त्याच्या सगळ्या लिखाणात सर्वांत प्रामाणिक वाटतं. आपला धर्म वाढत नाही याचा दोष तो आपल्याच लोकांना देतो. ज्यू लोकांत कुणाला भीक मागावी लागत नाही, आणि हे अधर्मी गॅलिलियन स्वतःचे गरीब पोसतातच, वर आपलेही पोसतात. आपल्या लोकांना आपल्याकडून मात्र काहीच मिळत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. म्हणून दर शहरात धर्मशाळा काढा. त्यासाठी गलेशियाला दरसाल ३०,००० मोदियुस गहू, आपल्या हिशेबाने सुमारे २०० टन, आणि ६०,००० मापं वाइन सरकारातून मिळेल. पाचवा हिस्सा पुजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गरिबांना, बाकी वाटसरू आणि भिकाऱ्यांना. आणि लगेच पुढे होमरचा दाखला: पाहुणा आणि भिकारी झ्यूसनेच धाडलेले असतात. म्हणजे हे सगळं मुळात आपल्याच ग्रंथात होतं! ही युक्ती वाचून मराठी वाचकाला हसू आल्याशिवाय राहणार नाही. दुसऱ्याकडून घेतलेली चांगली गोष्ट आपल्याच पोथीत सापडवून दाखवण्याची कला आपल्यालाही चांगली अवगत आहे.

पण हसून सोडून देण्यासारखं हे पत्र नाही. त्याने प्रतिपक्षाचं बळ अचूक हेरलं होतं. चूक उपायात होती. इ.स. २५१ च्या सुमारास, म्हणजे डीशियस सम्राटाने ख्रिस्त्यांवर नुकताच वरवंटा फिरवला असताना, रोमच्या बिशपाच्या पत्रात नोंद आहे की तिथलं चर्च १,५०० हून जास्त विधवा आणि गरजू माणसं सांभाळत होतं. तो गहू सरकारी कोठारातला नव्हता, उलट सरकार जिवावर उठलं होतं. आठवड्याला टाकलेल्या नाण्यांतून, शंभर-दोनशे वर्षांच्या सवयीतून ते उभं राहिलं होतं. ज्युलियनचे २०० टन शाही फर्मानातून आले आणि फर्मान काढणारा गेला की थांबणार होते. कॉन्स्टंटाइनला जमलं मग याला का नाही, असं विचारणाऱ्यांनी हा फरक बघावा. कॉन्स्टंटाइनने चर्च उभारलं नाही. आपल्या पायावर आधीच उभ्या असलेल्या संस्थेच्या पाठीवर त्याने हात ठेवला. ज्युलियनला असा हात ठेवायला पाठच नव्हती.

हे त्याला कळलं सीरियातल्या अँटिओक शहरात, फार जिव्हारी लागेल अशा रीतीने. ३६२ च्या ऑगस्टमध्ये शहराबाहेरच्या दाफ्नी इथे अपोलोचा वार्षिक उत्सव होता. ज्युलियन घाईघाईने गेला. डोळ्यांसमोर मिरवणूक, बळीची जनावरं, धूप, पांढऱ्या वस्त्रांतली मुलं. तिथे काही नव्हतं. शहराने काय आणलंय असं विचारल्यावर म्हातारा पुजारी म्हणाला, शहराने काहीच नाही, मी माझ्या घरचा एक हंस आणलाय.

अँटिओकचे लोक सगळे ख्रिस्ती झाले होते म्हणून असं घडलं का? तसं नाही. त्यांना घोड्यांच्या शर्यती, नाटकं, रंगेल सण हवे होते. जुन्या देवांचं राज्य त्यांच्या लेखी तेच होतं. हा सम्राट मात्र दाढी वाढवलेला, जमिनीवर निजणारा, नाटक टाळणारा, उठून दररोज बैल कापणारा. बैल इतके की तो पर्शियातून जिंकून परतला तर गुरांचा दुष्काळ पडेल, असं अम्मियानसनेच लिहून ठेवलंय. बळीचं मांस खाऊन आणि पिऊन तर्र झालेले सैनिक वाटेवरून लोकांच्या खांद्यावर बसून मुक्कामी पोहोचत. चांगले शिकलेले जुन्या धर्माचे लोकसुद्धा पशुबळीपासून दूर सरकले होते. पॉर्फिरी या तत्त्ववेत्त्याने तर आधीच त्याविरुद्ध लिहिलं होतं. ज्युलियनची राहणी ख्रिस्ती संन्याशाची आणि पूजा होमरच्या काळातली, असा तो विचित्र मेळ होता. त्यात धान्य महागलं. त्याने भाव बांधून दिले, बाहेरून ४ लाख मोदियुस गहू आणवला, आणि व्यापाऱ्यांनी तो उचलून दडवला. शहर त्याच्या दाढीवर गाणी रचू लागलं. त्यावर त्याने 'मिसोपोगॉन', म्हणजे दाढीद्वेष्टा, नावाचं स्वतःवरच उपहास करणारं पण शहराला ओरबाडणारं पत्रक काढलं. 'खी'ने आणि 'काप्पा'ने शहराचं काही वाईट केलं नव्हतं, असं लोक म्हणत. खी म्हणजे ख्रिस्त आणि काप्पा म्हणजे कॉन्स्टॅन्शियस.

त्याच पत्रकात तो पुरुषांना टोमणा मारतो: देवाला द्यायला तुमच्याकडे काही नसतं, पण तुमच्या बायका घरातलं सगळं उचलून गॅलिलियनांना देतात आणि ते तुमच्या पैशाने गरिबांना जेवू घालतात. आर्सेशियसच्या पत्रातही, ज्या पुजाऱ्यांच्या बायका, मुलं, नोकर देवांना सोडून तिकडे जातात, त्यांच्यावर कारवाई करा असं आहे. पुजाऱ्यांच्या घरात! म्हणजे साम्राज्यातली किती घरं अशी मिश्र होती बघा. नवरा अपोलोचा, बायको ख्रिस्ताची, मुलगा होमर पाठ करतोय आणि त्याचा शिक्षक रविवारी चर्चला जातोय. जुने देव वाचण्याची जी काही शक्यता उरली होती ती अशाच घरांत होती, आणि ज्युलियनला हीच घरं डोळ्यांसमोर नको होती. त्याला चौकट हवी होती.

म्हणून मी त्याच्या पराभवाची तारीख १७ जून ३६२ धरतो. त्या दिवशी शिक्षकांबाबतचा कायदा निघाला. कायद्याचा मजकूर साधा: शिक्षकाचं आधी चारित्र्य बघा, मग वक्तृत्व, नगरसभेने पारख करून नेमणूक करावी आणि सम्राटाला कळवावी. चारित्र्य म्हणजे काय, ते त्याने वेगळ्या पत्रात उलगडून सांगितलं. मनात एक आणि शिकवायचं दुसरं, असा माणूस अप्रामाणिक. होमर, हेसिअड, डेमोस्थेनिस, थ्युसिडिडीज यांना देवांनीच वाट दाखवली. ते देव ज्यांना मान्य नाहीत त्यांनी हे ग्रंथ शिकवू नयेत. त्यांनी गॅलिलियनांच्या चर्चमध्ये जावं आणि मॅथ्यू-ल्यूक समजावून सांगावेत. मुलांना मात्र बंदी नाही, कुणाचाही मुलगा शाळेत येऊ शकतो.

युक्तिवाद वरून तर्कशुद्ध दिसतो. पोटासाठी न पटणारं शिकवू नये, हे ऐकायला बरंही वाटतं. पण होमर शिकवायला अथेनावर श्रद्धा हवी, ही अट ग्रीकांनी स्वतःच हजार वर्षांत कधी घातली नव्हती. प्लेटोने तर होमरच्या देवकथांवर कडक टीका केली होती, मग त्याला काय म्हणायचं? ज्या धर्मात विश्वासाची अट नव्हती, त्याच्या नावाने ज्युलियनने विश्वासाची अट काढली. आणि ही अट तो ज्या घरात वाढला तिथून, बिशपांच्या हाताखाली, शिकून आला होता. कोण कोणाला जिंकतंय ते इथे कळतं.

परिणाम काय झाला? अथेन्सचा प्रोहेरेसियस हा त्या काळातला नावाजलेला ख्रिस्ती अध्यापक. ज्युलियनने त्याला खास सूट देऊ केली, तरी त्याने नोकरी सोडली. रोममध्ये व्हिक्टोरिनसने तेच केलं. ग्रेगरी भडकला तो यामुळेच. ग्रीक भाषा तुमच्या मालकीची कधी झाली, असा त्याचा सवाल होता. भाषा ज्यांनी शोधली त्यांचीच असेल तर लिपी, मोजमाप, कविता सगळ्यांचेच मालक शोधत बसावं लागेल. आणि ज्युलियनच्या बाजूचा माणूस काय म्हणतो? अम्मियानस, जुन्या देवांना मानणारा, त्याच्या शौर्याचा चाहता, पर्शियाच्या मोहिमेत त्याच्यासोबत असलेला. तो लिहितो की हा हुकूम निष्ठुर होता आणि त्याच्यावर कायमचं मौन पांघरावं. पाच-पन्नास निंदकांच्या शिव्यांपेक्षा मला हे एका भक्ताचं वाक्य जड वाटतं.

यावर एक चांगला आक्षेप आहे. धर्म राजसत्तेच्या बळावर टिकत नाही असं म्हणायचं, तर मग पुढच्या ख्रिस्ती सम्राटांचं, थिओडोसियसचं काय? ३९१-९२ मध्ये त्याने जुन्या पूजेवर बंदी घातली आणि ती बंदी टिकली. जस्टिनियन सम्राटाने ५२९ मध्ये अथेन्सच्या तत्त्वज्ञांना शिकवण्यास मनाई केली, तीही टिकली. देवळं पडली, मूर्ती फुटल्या. सत्तेने हे सगळं केलंच ना? केलं. ते लपवण्यात अर्थ नाही आणि त्याचं समर्थन करण्याचं मला कारण नाही. पण हे मोडण्याचं काम होतं, त्याला शिपाई आणि पहार पुरते. दाफ्नीच्या उत्सवाला शहराने आपण होऊन बैल आणावा यासाठी कुठला शिपाई पाठवायचा? ज्युलियनला जे हवं होतं ते हुकमाने मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत नव्हतं. वीस वर्षं मिळाली असती तर त्याने चांगली पगारी पुजारी-यंत्रणा उभारली असती, एवढं मी मानतो. तिचा हेक्टरच्या मूर्तीला तेल लावणाऱ्या माणसाशी काही संबंध उरला नसता.

२६ जून ३६३ ला तो टायग्रिसच्या काठी मेला. सम्राटपद जेमतेम वीस महिने. 'गॅलिलियन, तू जिंकलास' हे त्याच्या तोंडचं वाक्य नंतरच्या चर्च-इतिहासकारांनी घातलेलं आहे, त्याच्या बिछान्यापाशी होते त्यांनी असं काही लिहिलेलं नाही. त्याच्या ख्रिस्तविरोधी ग्रंथातलं जे आज हाती आहे ते बहुतांशी अलेक्झांड्रियाच्या सिरिलने खंडनासाठी उतरवून घेतलं म्हणून. त्याचं सूर्यस्तोत्र, पत्रं, 'मिसोपोगॉन' आणि त्याचा लाडका होमर, हे सगळं पुढची हजार वर्षं ख्रिस्ती लेखनिकांनी नकललं. त्यात पेगासियसचं पत्रही आलं.

ते पत्र त्याने लिहिलं होतं तक्रारीला उत्तर म्हणून. पेगासियस आता देवांचा पुजारी झाला होता आणि जुन्या कट्टर भक्तांना तो खपत नव्हता. काल बिशप होता, आज पुजारी कसा? ज्युलियनने त्याची बाजू घेतली, ट्रॉयची ती सकाळ तपशिलाने सांगितली, आणि म्हटलं की आपण होऊन येणाऱ्यांनाच हाकलू लागलो तर उद्या आपण बोलावल्यावर कोण येईल? हेच त्याने प्रोहेरेसियसच्या वेळी स्वतःला विचारलं नाही.